पांथरीचं काय करायचं?

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. ऑफिसतर्फे दरवर्षी जी फुकट तपासणी होते ना, तिच्यात त्याची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात भलतंच निघालं. प्लीहेत सिस्ट. सात सेंटीमीटर. म्हणजे मध्यम संत्र्याएवढी पाण्याची गाठ याच्या पोटात बसली होती आणि याला पत्ताच नाही. जेवण झालं की डाव्या बरगडीखाली जरा जड वाटायचं, पण त्याचं खापर तो आजवर कँटीनच्या छोल्यांवर फोडत आला होता.

सर्जनने सांगितलं, दुर्बिणीतून ऑपरेशन करू, पण प्लीहा सगळी काढायची नाही. गाठ वरच्या टोकाला आहे, तेवढा भाग काढू आणि खालचा ठेवू. मित्र यावरच वैतागला होता.

"अरे, मी वाचलं ना नेटवर. प्लीहेवाचून कोणाचं काही अडत नाही. मग अर्धी ठेवण्यासाठी कापाकापी करून रक्त जायची भीती कशाला? सगळीच काढा म्हणावं, विषय संपला."

खरं सांगतो, मला त्याचं पटलं होतं. आमच्या धंद्यातही असाच हिशोब चालतो. एखादं मॉड्यूल कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, टीममध्ये कोणालाच माहीत नाही. काढून बघितलं, सगळं चालतंय. मग टाका काढून! पण नंतर वाटलं, कापणं हाच ज्याचा धंदा तो माणूस आपणहून "कमी कापू" का म्हणतोय? या प्रश्नापायी माझे दोन शनिवार-रविवार गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. (मी डॉक्टर नाही, आणि हा वैद्यकीय सल्ला नाही. इतिहासाची खोड असलेल्या एका इंजिनिअरची टिपणं समजा.)

प्लीहा म्हणजे आपल्या आजीच्या भाषेतली पांथरी. "हिवतापानं पांथरी वाढलीय" हे वाक्य जुन्या पिढीतल्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पोटाच्या डाव्या बाजूला, जठराच्या मागे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती दडलेली असते. मुठीएवढी, जांभळट, वजन दीड-दोनशे ग्रॅम. पण हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा साधारण विसावा हिस्सा एकट्या पांथरीतून फिरतो. एवढ्याशा जिवाला एवढं रक्त लागतं, यावरूनच कोणाला तरी शंका यायला हवी होती. पण तिचं काम काय हे दोन हजार वर्षं कोणालाच धड सांगता आलं नाही.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन तिला गूढाने भरलेला अवयव म्हणाला असं सांगतात. त्याच्या मते ती शरीरातलं काळं पित्त शोषून घेते, आणि तिने काम नीट केलं नाही की माणूस उदास होतो. त्याच्या आधीच्या शतकातल्या प्लिनीचा आरोप तर आणखी मजेदार आहे. पांथरीमुळे धावण्यात अडथळा येतो म्हणे, आणि म्हणून धावणारे लोक तिच्यावर तापलेल्या लोखंडाने डाग देऊन घेत. (डागण्या देणं हे आपल्याकडेही पोटाच्या तक्रारींवर घरोघरी चालायचं, तेव्हा रोमनांना हसायला नको.) प्लिनी जाता जाता असंही लिहून जातो की जखमेतून पांथरी काढून टाकली तरी जनावर जगतं म्हणतात. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात राजपुत्र अदोनियाच्या रथापुढे धावणाऱ्या पन्नास जणांची गोष्ट आहे, त्या सगळ्यांच्या म्हणे पांथऱ्या काढलेल्या होत्या! गोष्टी खऱ्या असतील असं मला अजिबात वाटत नाही. पण "ही नसली तरी चालतं" हा समज किती जुना आहे ते यातून दिसतं.

आपल्या सुश्रुतसंहितेत प्लीहोदर नावाचा विकार आहे. त्यावर डाव्या कोपराच्या आतली शीर उघडून रक्त काढायला सांगितलंय. आतडं अडकलं तर पोट उघडायला सांगणारा, आतडं शिवायला मुंग्यांचे डंख वापरणारा सुश्रुत पांथरीपर्यंत मात्र शस्त्र नेत नाही. शहाणा माणूस.

शस्त्र पांथरीपर्यंत गेलं त्याची पहिली गाजलेली कहाणी इटलीतली, १५४९ सालची. लिओनार्दो फिओराव्हांती नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय की झाक्कारेल्लो या सर्जनने एका तरुण ग्रीक बाईच्या पोटातून सुजलेली प्लीहा काढली आणि बाई वाचली. ना भूल, ना जंतुनाशक. कित्येक पुस्तकांत ही जगातली पहिली प्लीहा-शस्त्रक्रिया म्हणून छापलेली आहे. मात्र अनेक इतिहासकारांना दाट संशय आहे की त्या माणसाने काढली ती पांथरी नव्हतीच, ती बीजांडकोशाची सिस्ट असावी. हे लक्षात ठेवा. ही अदलाबदल पुढे उलट्या दिशेने पुन्हा येणार आहे.

सतराव्या शतकात मग प्रयोग सुरू झाले. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा ख्रिस्टोफर रेन तरुणपणी कुत्र्यांच्या पांथऱ्या काढत होता. कुत्री जगली. इटलीत माल्पिघीने कुत्र्याच्या पांथरीच्या रक्तवाहिन्या बांधून टाकल्या. तेही कुत्रं जगलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूल कमेंट करून बिल्ड मारला आणि एकही एरर आली नाही.

माणसांवर मात्र एरर येत होत्या, आणि धडाधड. १८२६ साली जर्मनीत रॉस्टॉकला क्विटेनबाउमने एका बाईची प्लीहा काढली, ती काही तासांत गेली. १८५५ साली डार्मश्टाटला क्यूखलरने काढली, रोगी पोटातल्या रक्तस्रावाने दोन तासांत गेला. त्यावरून जर्मन सर्जनांत एवढी जुंपली की हे ऑपरेशन करणं नीतीला धरून आहे का इथपर्यंत वाद गेला. १८६५ साली लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स या अत्यंत नावाजलेल्या सर्जनने प्रयत्न केला. त्याची रोगी थोडे दिवस जगली, एवढंच.

आणि मग १८६७ साली पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ.

पेआँ त्या वेळी छत्तीस वर्षांचा. बीजांडकोशाच्या सिस्ट काढण्यात त्याचा हात बसलेला होता. वीस वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली, पोट प्रचंड फुगलेलं. निदान झालं बीजांडकोशाची सिस्ट. पेआँने पोट उघडलं, आतलं पाणी काढलं, आणि गाठीचा मागोवा घेत गेला तर ती खालून आलेलीच नव्हती. ती वरून, डावीकडून, पांथरीतून खाली उतरली होती.

आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पोट उघडं आहे. गाठ फोडून झालेली आहे. प्लीहा काढलेले आपल्या माहितीतले रोगी मेलेले आहेत. रक्त भरायची सोय नाही, रक्तगट हा शब्द जन्माला यायला अजून तीसेक वर्षं आहेत. लिस्टरने जंतुनाशकांवरचे लेख छापले तेही याच १८६७ साली, म्हणजे पॅरिसला त्याचा उपयोग शून्य. तशात पेआँने एकेक रक्तवाहिनी बांधत गाठीसकट पांथरी काढली. मुलगी वाचली.

आधुनिक काळात प्लीहा काढून रोगी बरा झाल्याचं हे पहिलं उदाहरण म्हणून मानतात, आणि ते ऑपरेशन होतं प्लीहेच्या सिस्टचं. म्हणजे माझ्या मित्राच्या आजारापासूनच हा सगळा इतिहास सुरू होतो! पहिल्या कहाणीत बहुधा बीजांडकोशाची सिस्ट पांथरी म्हणून काढली गेली. तीनशे अठरा वर्षांनी बीजांडकोशाची म्हणून उघडलेली सिस्ट पांथरीची निघाली. त्या काळी यापेक्षा नेमकं निदान होणार तरी कसं? शवविच्छेदनात अशा गाठी दिसत, १८२९ साली पॅरिसच्याच आंद्रालने एकीचं वर्णन करून ठेवलं होतं. पण जिवंत माणसाच्या पोटात बघायला हाताच्या बोटांपलीकडे काहीच नव्हतं.

पेआँ हे प्रकरण मजेशीर आहे, थोडं थांबतो. रक्तवाहिनी चिमटीत धरून ठेवणाऱ्या कात्रीसारख्या चिमट्याचं श्रेय आपलंच असं तो म्हणे, आणि स्ट्रासबुर्गचा कोएबेर्ले म्हणे माझं. भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तूलूझ-लोत्रेकने १८९१ साली त्याचं ऑपरेशन करतानाचं चित्र काढलंय. गळ्यात नॅपकिन खोचलेला धिप्पाड पेआँ रोग्यावर वाकलेला आहे, जणू पंगतीत बसलाय. हातमोजे नाहीत, मास्क नाही. नेटवर शोधा, सापडेल.

पेआँनंतर दार उघडलं. भूल होती, चिमटे होते, जंतुनाशकं आली. स्पेन्सर वेल्सनेही १८८७ साली पुन्हा हात घातला, आणि काय योगायोग बघा, त्यालाही वाटलं होतं गर्भाशयाची गाठ, निघाली वाढलेली पांथरी. ती त्याने काढली आणि बाईची जुनी कावीळ कायमची गेली. चाळीसेक वर्षांनी लॉर्ड डॉसन यांनी त्याच बाईचं रक्त तपासलं तेव्हा कळलं की तिला जन्मजात रक्तदोष होता. तिच्या तांबड्या पेशी चेंडूसारख्या गोल होत्या आणि पांथरी त्या गाळून मोडीत काढत होती. म्हणजे वेल्सने अगदी बरोबर इलाज केला, पण कशावर करतोय ते त्याला ठाऊकच नव्हतं.

इथे आपल्या देशाचा एक संबंध येतो आणि तो वाचताना मान खाली जाते. हिवतापाच्या प्रदेशात पांथरी फुगून ठिसूळ होते, जरा मार बसला तरी फाटते. कालव्याकाठच्या गावांत हिवताप किती आहे हे मोजायला डॉ. डेम्प्स्टरने १८४७ साली लोकांच्या पांथऱ्याच चाचपून बघितल्या होत्या. याच वैद्यकीय सत्याचा उपयोग ब्रिटिश कोर्टांत वेगळ्या कामासाठी झाला. साहेबाने नोकराला लाथ मारली, नोकर मेला, की बचाव ठरलेला: पांथरी वाढलेली होती हो, मार तसा हलकाच होता. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने चर्चला जायच्या वेळी गाडी उशिरा आणली म्हणून आपल्या मोतद्दाराला मारलं, तो मेला, आणि शिक्षा झाली तीस रुपये दंड. १८७६ साली खुद्द व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर नाराजी दाखवली म्हणून हे प्रकरण इतिहासात राहिलं. बाकीची किती विरून गेली असतील.

असो. फाटलेल्या पांथरीचं काय करायचं, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याचा शब्द चालत होता तो माणूस म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा थिओडोर कोखर. नोबेल मिळवणारा पहिला सर्जन, १९०९ साली. त्याने आपल्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकात निःसंदिग्ध सांगितलं: पांथरीला इजा झाली की ती काढा, काढल्याने कसलाही अपाय होत नाही. झालं. जगभरच्या सर्जनांनी ते शिरोधार्य मानलं. अपघातात फाटली, काढा. सिस्ट झाली, काढा. जठराचं ऑपरेशन करताना चुकून खरचटली, काढा.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट इथे सापडली. कोखरला नोबेल कशाबद्दल मिळालं? थायरॉइड ग्रंथीच्या कामाबद्दल. गलगंडाच्या ऑपरेशनमध्ये तो सुरुवातीला सगळी थायरॉइड काढायचा, कारण तिचंही काम तेव्हा कोणाला माहीत नव्हतं आणि रोगी तर ठणठणीत होऊन घरी जात. मग त्याने जुने रोगी परत बोलावले. ती माणसं सुजलेली, मंद झालेली होती, पोरांची वाढ खुंटलेली होती. १८८३ साली त्याने आपली ही चूक जर्मन सर्जनांच्या भर परिषदेत मांडली आणि पूर्ण थायरॉइड काढणं जवळजवळ सोडून दिलं. "काम ठाऊक नाही म्हणजे काम नाही असं नव्हे" हे ज्याला एवढ्या महाग पडून समजलं, त्याच माणसाने पांथरीच्या बाबतीत तेच वाक्य पुन्हा लिहावं? त्याला दोष देत बसावंसं वाटत नाही. थायरॉइड गेली की माणूस चेहऱ्यावरून बदलतो, परत बोलावलं की दिसतं. पांथरी गेलेला माणूस परत बोलावला तर तो धडधाकटच दिसतो. बिघाड असा, की टेस्टिंगमध्ये कधीच पकडला जाणार नाही.

कारण तो बिघाड एका रात्रीत येतो. पांथरी हे रक्ताचं गाळणं आहे. न्यूमोकोकससारखे काही जंतू अंगाभोवती गुळगुळीत कवच घेऊन फिरतात. बाकीच्या पहारेकऱ्यांच्या हातून ते निसटतात, पण पांथरीच्या अरुंद वाटांमधून रक्त सावकाश जाताना तिथल्या पेशी त्यांना पकडतात. पांथरी नसेल तर एरवी फरक पडत नाही. पण असा जंतू एकदा रक्तात शिरला की आवर घालायला कोणी नसतं. सकाळी थोडा ताप, अंगदुखी, घरचे म्हणतात फ्लू असेल. रात्रीपर्यंत रक्तदाब कोसळतो. एक-दोन दिवसांत खेळ आटोपू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर सुमारे निम्मे रोगी दगावतात. आणि हे ऑपरेशननंतर दोन वर्षांनी होईल किंवा वीस वर्षांनी. पोटावरच्या जुन्या व्रणाशी त्या तापाचा संबंध कोण लावणार?

१९१९ साली न्यूयॉर्कच्या मॉरिस आणि बुलक या दोघांनी तो लावला होता. पांथरी काढलेले उंदीर संसर्गाला पटापट बळी पडतात हे त्यांनी दाखवलं आणि माणसांतही असंच होत असेल असा इशारा दिला. लेख चांगल्या नियतकालिकात छापून आला. वाचला किती जणांनी कोण जाणे. कोखर चालू राहिला.

तेहतीस वर्षं गेली. १९५२ साली इंडियानापोलिसच्या किंग आणि शूमाकर या सर्जनांनी पाच तान्ह्या मुलांची हकीकत छापली. वेल्सच्या त्या बाईला होता तोच गोल पेशींचा आजार या बाळांना होता आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या आतच त्यांच्या पांथऱ्या काढल्या होत्या. ऑपरेशनं यशस्वी झाली. आणि मग पाचही बाळांना एकामागून एक भयंकर संसर्ग झाले, काहींना मेंदूज्वर. त्यातली काही वाचली नाहीत.

आठ पानांचाही नसेल असा लेख, पण त्याने गणित उलटं केलं. लोक जुनी रजिस्टरं चाळायला लागले. १९७७ साली दुसऱ्या महायुद्धातल्या ७४० अमेरिकन सैनिकांचा अभ्यास आला. जखमेमुळे पांथरी गमावलेली ही माणसं, ऐन तारुण्यातली, धट्टीकट्टी. बाकीच्या सैनिकांच्या तुलनेत न्यूमोनियाने मरणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. म्हणजे धोका तान्ह्या बाळांपुरता नव्हता. (आणि शोध अजून संपलेला नाही. २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं की मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा मोठा साठा पांथरीत असतो आणि हृदयाला इजा झाली की तिथून कुमक पाठवली जाते. दोन हजार वर्षांनी ही बाई अजून आपली कामं एकेक करून सांगतेय.)

आता प्रश्न सर्जनांपुढे आला: पांथरी ठेवायची तर ठेवायची कशी? स्पंजासारखा, रक्ताने थबथबलेला अवयव. टाका घातला तर सुतात लोणी कापावं तसा कापला जातो. याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. ब्राझीलच्या मार्सेलो काम्पोस क्रिस्तो यांनी पांथरीच्या आतल्या धमन्यांचा बारकाईने अभ्यास केला. मुख्य धमनी आत शिरण्याआधी दोन-तीन फांद्यांत फुटते आणि प्रत्येक फांदी आपापला भाग सांभाळते. शेजाऱ्याच्या हद्दीत ती सहसा जात नाही. आपल्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीचा फ्यूज वेगळा असतो तसं. किचनचा फ्यूज काढला तर हॉलमधला पंखा फिरतच राहतो. तसंच वरच्या भागाची फांदी बांधली की तेवढाच भाग काळानिळा पडतो आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. त्या रेघेच्या बेताने कापलं तर रक्त फारसं जात नाही. १९६२ साली त्यांनी असे पहिले आठ रोगी जाहीर केले.

दुसरी बाजू मुलांच्या डॉक्टरांनी सांभाळली, आणि तिथे एक भारतीय नाव आहे. टोरोंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलात पांथरी फाटलेल्या काही मुलांना पोट न उघडता नुसतं नजरेखाली ठेवायची पद्धत चाळीसच्या दशकापासून होती. जग हसायचं. १९६८ साली डॉ. उपाध्याय आणि सिम्पसन यांनी तिथल्या मुलांचा अभ्यास छापला: फाटलेली पांथरी पुष्कळदा आपली आपण भरून येते. हे डॉ. उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या शस्त्रक्रियेचे मोठे प्राध्यापक झाले आणि माकडांवर प्रयोग करून त्यांनी ही गोष्ट पक्की केली. पांथरी फाटली की काढा, या कोखरच्या नियमाला सुरुंग लावणाऱ्यांत आपल्याकडचा माणूस होता, हे मला या दोन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला काय हरकत होती?

सिस्टच्या बाबतीत हे सगळे धागे एकत्र आले ते सत्तरच्या दशकात. त्याच काळात सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले आणि एकदम चित्र पालटलं. पेआँच्या मुलीसारखं पोट फुगेपर्यंत थांबायची गरज उरली नाही. दुसऱ्याच कशासाठी स्कॅन केला तर कोपऱ्यात लहानशी गाठ दिसायला लागली. सगळीच गाठ काढावी लागते असंही नाही. पाच सेंटीमीटरच्या आतली, त्रास न देणारी असेल तर बरेच सर्जन नुसतं लक्ष ठेवतात.

या गाठींच्या जातीही वेगवेगळ्या. काही जन्मजात असतात, आतून कातडीसारखं अस्तर असलेल्या. काही माराने झालेल्या: पांथरीत रक्त साकळतं, वर्षानुवर्षं तिथेच राहतं, विरघळून पाणी होतं आणि भोवती जाड कवच तयार होतं. (मित्र इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बाइकवरून जोरात पडला होता. मी आठवण करून दिली तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. अर्थात खरं काय ते पॅथॉलॉजीचा रिपोर्टच सांगणार.) आणि तिसरी जात हायडॅटिडची. कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित पांथरीत पाण्याची गाठ होते. मेंढपाळांच्या मुलखात हे जास्त. हिच्याशी फार जपून वागावं लागतं. आतलं पाणी पोटात सांडलं तर नव्या गाठी रुजतात, शिवाय जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. त्यामुळे तिथे आजही बरेचदा आधी औषध देऊन मग सगळी पांथरीच काढतात, आणि ते योग्यच असतं.

बाकीच्या दोन जातींसाठी सोपे उपाय करून बघितले गेलेच. सुई घालून पाणी काढलं, तर काही आठवड्यांत पुन्हा भरलं. गाठीचं तोंड पोटाच्या कातडीला शिवून उघडं ठेवलं, तर रोगी महिनोन्महिने गळत्या जखमेसह हिंडला. गाठीचं नुसतं छप्पर कापलं, तर आतलं अस्तर शिल्लक राहून गाठ परत यायची. शेवटी लॉस एंजेलिसचे लिऑन मॉर्गनस्टर्न आणि शपिरो यांनी १९८० साली मधला रस्ता मांडला: गाठ आणि तिला चिकटलेला पांथरीचा भाग काम्पोस क्रिस्तोच्या रेघेवर कापून काढा, बाकीची ठेवा. किती ठेवली म्हणजे पुरते? साधारण पाव भाग, असं आता मानतात. १९९१ साली पॅरिसमध्ये दलेत्र यांनी दुर्बिणीतून प्लीहा काढून दाखवली आणि काही वर्षांत अर्धीमुर्धी काढायचं कामही त्याच तीन-चार भोकांतून होऊ लागलं. पेआँचंच शहर, मधे सव्वाशे वर्षं.

दुर्बिणीमुळे एक जुनी चूक मात्र नव्याने परतली. छप्पर कापून टाकणं दुर्बिणीतून फार सोपं आहे, पाऊण तासाचं काम, रोगी दुसऱ्या दिवशी घरी. साहजिकच ते बऱ्याच ठिकाणी होऊ लागलं आणि विशेषतः लहान मुलांमध्ये गाठी परत यायला लागल्याचे अहवालही पाठोपाठ आले. सोपं आहे म्हणून करून टाकायचा मोह फक्त आमच्याच धंद्यात असतो असं मला वाटायचं.

हे सगळं मी मित्राला रविवारी रात्री तासभर फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं (हे त्याच्या स्वभावात नाही) आणि एकच प्रश्न विचारला.

"पण मग डॉक्टरांनी मला लस का घ्यायला सांगितलीय? पांथरी ठेवणारच आहेत ना?"

ते मी वाचलेलं होतं. न्यूमोकोकसची लस १९७७ पासून मिळते. ऑपरेशन चालू असताना रक्त थांबेना झालं तर सर्जनला नाइलाजाने सगळी पांथरी काढावी लागू शकते, आणि पांथरी शाबूत असताना घेतलेली लस जास्त चांगली लागू पडते. म्हणून ती किमान दोन आठवडे आधी देऊन ठेवतात. सोबत मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्याही. म्हणजे बॅकअप आधी, डिप्लॉयमेंट नंतर.

"हां, असं सांग ना मग," तो म्हणाला. "एवढं पेआँ आणि कोखर कशाला?"

शुक्रवारी तो लस घेऊन आला. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. काल रात्री मेसेज आला की दंड जाम दुखतोय, आणि पॅरिसच्या त्या नॅपकिनवाल्या डॉक्टरचं चित्र पाठव, आईला दाखवायचंय. मी म्हटलं, आईला ऑपरेशन झाल्यावर दाखव.